करवतीला कठडा

(उपकारस्तुतीच्या रविवारी भक्तीनंतर भरलेल्या समर्थकांच्या मेळाव्यातील भाषण)



जिंतूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आपण आंध आणि पारधी कुटुंबांतल्या तरुणांसाठी सुतारकामाचं जे छोटं केंद्र चालवतो, त्याचा हिशेब ऐकायला आपण थांबलात, म्हणून आधी आभार. जमाखर्चाचा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, तो मी वाचून दाखवणार नाही. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. आपल्यापैकी काही जणांनी मिळून केंद्राला दुसरी विजेची करवत द्यायचं ठरवलं आहे. देणारी मनं मोठी आहेत. तरी मी इथं उभी राहून विनंती करणार आहे की यंदा करवत देऊ नका. तिच्याऐवजी दुसरं काही द्या. काय द्या आणि का, हे सांगायला मला लाकडाच्या एका लहानशा ठोकळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

हा तो ठोकळा. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही बाजू तीन सेंटिमीटर. मागच्या बाकापर्यंत फिरू द्या, हातात घेऊन बघा. आमची मुलं अंगणवाडीसाठी आणि पहिली-दुसरीच्या वर्गासाठी हे ठोकळे करतात. असे दहा ठोकळे ओळीनं लावले की तीस सेंटिमीटर होतात, आणि त्याच लांबीचा हा दुसरा अखंड तुकडा, दशक दांडा. दहा सुटे म्हणजे एक दशक, हे फळ्यावर शंभर वेळा लिहून जे कळत नाही ते लेकरू दांड्याशेजारी दहा ठोकळे लावून एकदा बघतं आणि त्याला कळतं. घरी आंध बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा मुलाला तर हे फारच उपयोगी पडतं, कारण लाकडाला भाषा लागत नाही. मग 'हातचा एक' म्हणजे नेमकं काय, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. दहा सुटे देऊन तो स्वतःच एक दांडा मागून घेतो.

ही काही आमची कल्पना नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये बालोद्यान सुरू केलं. मुलांना द्यायच्या त्यांच्या खेळण्यांत आठ सारख्या लाकडी घनांचा एक संच होता. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. शिकण्याची साधनं स्वस्त असावीत, गावात मिळतील त्या वस्तूंची असावीत, हा त्यांचा आग्रह होता. आम्ही त्याच वाटेनं कडुलिंब आणि आंब्याचं लाकूड वापरतो. सागाला हात लावत नाही. त्याच्या तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास, हे सगळं केलं तरी सागाचा ठोकळा मुलाला अधिक गणित शिकवत नाही.

तर ठोकळा लहान आहे, स्वस्त आहे, आणि लेकराच्या हातात आला की निरुपद्रवी आहे. पण करवतीवर असताना लाकडाच्या सगळ्या कामांत हेच काम सर्वांत धोक्याचं असतं. हे पुष्कळांना उलटं वाटतं. मोठा ओंडका कापणं भीतीचं आणि लहान तुकडा म्हणजे पोराटोरांचं काम, असं आपण धरून चालतो. ओंडका जड असतो, तो स्वतःच्या वजनानं टेबलावर बसून राहतो आणि माणसाचा हात पात्यापासून हातभर लांब असतो. हा ठोकळा जेमतेम वीस ग्रॅमचा. त्याला धरायचं तर बोटं पात्यापाशी न्यावी लागतात, आणि न धरावं तर पातं त्याला फेकून देतं.

पात्याचा वेग किती असतो, ते मी एकदा मुलांना हिशेब करायला लावून काढून घेतलं. दहा इंची पात्याचा घेर साधारण ऐंशी सेंटिमीटर. मिनिटाला चार हजार फेरे धरले तर कडेचा दात ताशी 190 किलोमीटरच्या वेगानं जातो. साठ दातांचं पातं असेल तर एका ठिकाणावरून सेकंदाला चार हजार दात जातात. 'लागलं' हे मेंदूला कळून हात मागे यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात आठशे दात होऊन गेलेले असतात. म्हणून "मी सावध असतो, मला काही होत नाही" या बोलण्याला या यंत्रापुढे अर्थ नाही.

आणि तुकडा फेकला का जातो? टेबलावरच्या करवतीचं पातं आपल्या बाजूला खाली जातं आणि पलीकडच्या बाजूला वर येतं. कापलेला तुकडा पातं आणि शेजारची सरळ पट्टी, जिला मिस्त्री गाईड म्हणतात, यांच्यामध्ये अडकला आणि किंचित तिरपा झाला की मागचे वर येणारे दात त्याला उचलतात आणि थेट कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. तुकडा तोंडावर येतो ते एक संकट. दुसरं त्याहून वाईट. तुकड्याला धरणारा हात त्या झटक्यानं पात्यावर ओढला जातो. लांब फळी तिरपी व्हायला वेळ लागतो. तीन सेंटिमीटरच्या ठोकळ्याला तिरपं व्हायला काहीच लागत नाही.

आपल्या भागात अजून एक प्रकार चालतो. फरशी कापायचा चार इंची कटर घ्यायचा, त्याला लाकडाचं पातं लावायचं, प्लायवूडच्या तुकड्याखाली उलटा बांधायचा, बटण दोरीनं किंवा चिकटपट्टीनं दाबून ठेवायचं, झाली टेबल करवत. तो कटर मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फिरतो. वर झाकण नाही, मागे काही नाही, बंद करायचा तर खाली वाकून दोरी सोडायची. शहरातल्या कितीतरी फर्निचरच्या कामांवर आपली मुलं हेच पाहून येतात आणि हेच शिकून येतात.

अशाच एका कामावर डोंगरातल्या एका वस्तीवरचा तरुण होता. गावाचं आणि त्याचं नाव मी सांगत नाही. दाराच्या चौकटीमागे घालायच्या पाचरी कापत होता, बोटाएवढ्या. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकानं पहिली मलमपट्टी केली, एसटीचं भाडं दिलं आणि घरी पाठवलं. हजेरीपट नाही, कागद नाही, पगाराची चिठ्ठी नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कुठलं बोट गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचा तक्ता होता. एका हाताची दोन बोटं म्हणजे वीस टक्के, अंगठा म्हणजे तीस टक्के. ज्यानं तो तक्ता केला त्यानं आपलं काम नीट केलं असेल. पण त्या तरुणाचं नुकसान वीस टक्क्यांत बसत नाही. दिवाळीनंतर त्याचं घर ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यावर मुकादम उचल देतो. आता त्याच्या मुठीत कोयता बसत नाही, म्हणून मुकादम उचल देत नाही, आणि एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणून न्यायला तिची तयारी नाही. रेशनच्या दुकानात मशीनवर बोट ठेवायचं तर उरलेल्या बोटांचे ठसे कामानं झिजलेले, दोन-दोन फेऱ्या होतात. आपण 'हातावर पोट' असं सहज म्हणतो. त्या घरात मी जाऊन आले तेव्हापासून ते मला सहज म्हणता येत नाही.

आता वचनाकडे येते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आठव्या वचनात नवं घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. छपराला कठडा बांध, म्हणजे कुणी वरून पडलं तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. त्या काळी घरांची छपरं सपाट असत, लोक वर झोपत, धान्य वाळवत, पाहुण्यांना वर बसवत. या आज्ञेत मला तीन गोष्टी दिसतात. कठडा कुणी पडायच्या आधी बांधायचा आहे, पडल्यावर नाही. तो घरमालकानं बांधायचा आहे, वर चढणाऱ्यानं सोबत आणायचा नाही. आणि पडणारा बेसावध होता, त्याला नीट चालता येत नव्हतं, ही सबब देवानं तिथं ठेवलेलीच नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात एकविसाव्या कलमात यंत्राच्या धोक्याच्या भागांना पक्कं कुंपण घालायला सांगितलं, तेव्हा आपल्या देशानं तीच गोष्ट कायद्याच्या भाषेत लिहिली. आपलं केंद्र कारखान्याच्या व्याख्येत बसतं की नाही, हा वकिलाचा प्रश्न आहे. करवत आपण दिली, म्हणजे छप्पर आपलं. एवढं मला पुरेसं आहे.

मिशनच्या लोकांनी हाताला काम देणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी आपल्या शेजारी जालन्याजवळ बेथेल हे गावच वसवलं. नगरला अमेरिकन मराठी मिशननं औद्योगिक शाळा चालवली. त्या काळी हत्यारं हाताची होती. पटाशी लागली तर बोट कापतं, जात नाही. वीज आली, आणि देणगीचं स्वरूप बदललं, हे आपण लक्षात घ्यायला हवं.

आता आमच्याकडे ठोकळा कसा कापतात ते सांगते. कंटाळा येईल, पण दात्याला हे माहीत असावं असं मला वाटतं.

शिकवणारे मिस्त्रीकाका आपल्या मंडळीतले नाहीत. वारकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि ती माळ ते करवतीपाशी येताना सदऱ्याच्या आत घालून वरचं बटण लावतात. मुलांनाही तेच. गळ्यातला गमछा काढायचा, मनगटातला दोरा सोडायचा किंवा बाहीत घट्ट बांधायचा, लांब बाही कोपरावर दुमडायची. हातमोजे घालायचे नाहीत. यावर पहिल्या दिवशी प्रत्येक जण विचारतो, हाताला संरक्षण नको का? फिरणाऱ्या पात्यात मोज्याचा एक धागा अडकला तरी तो बोटासकट आत ओढतो. डोळ्याला चष्मा, कानाला बोळे, नाकाला फडकं, हे मात्र हवंच. अठरा वर्षांखालचं कुणी त्या खोलीत येत नाही, भावाला डबा द्यायलाही नाही.

लहान तुकड्यातून लहान तुकडा कधीही कापायचा नाही, हा पहिला नियम. नेहमी लांब रीप घ्यायची. रंधून तीन बाय तीन सेंटिमीटरची केलेली, तीन फुटांची. ती रीप थेट टेबलावर ढकलायची नाही. काकांनी प्लायवूडची एक सरकती पाटी केली आहे, मुलं तिला गाडी म्हणतात. तिच्या बुडाला दोन लाकडी पट्ट्या आहेत, त्या टेबलाच्या खाचांतून सरकतात. रीप गाडीच्या भिंतीला टेकवून डाव्या बाजूला दोन्ही हातांनी धरायची. पात्यापासून वीतभर अंतरावर गाडीवर लाल रेघ मारली आहे. रेघेच्या आत बोट नाही. पात्यावर गाडीलाच जोडलेलं पारदर्शक झाकण आहे, आणि भिंतीच्या मागे, जिथून पातं बाहेर येतं, तिथं लाकडाची बंद पेटी, म्हणजे गाडी ढकलणाऱ्याचा अंगठा तिकडूनही सापडू नये. पात्यामागे त्याच जाडीची पोलादी जीभ असते. कापलेल्या दोन बाजू मिटून पात्याला चावू नयेत म्हणून ती असते, आणि पुष्कळ ठिकाणी 'अडचण होते' म्हणून मिस्त्री लोक तीच आधी काढून टाकतात.

आता मापाचं. प्रत्येक ठोकळा सारखा यायला हवा, तर कुठेतरी अडसर लागतो. सोपा दिसणारा उपाय म्हणजे गाईडच तीन सेंटिमीटरवर आणायची, रीप तिला टेकवायची आणि कापायची. असं केलं की ठोकळा नेमका पातं आणि गाईड यांच्या मध्ये सापडतो, आणि मघाशी सांगितलेली फेक होते. म्हणून काका गाईडला एक लाकडी अडसर आवळतात, तोही अलीकडे, पात्याच्या पुष्कळ आधी. रीपेचं टोक अडसराला टेकलं की माप झालं. मग गाडी पुढे सरकते, अडसर मागे राहतो, आणि पात्यापाशी पोहोचेपर्यंत ठोकळ्याच्या उजवीकडे मोकळी जागा असते. कापला की तो सुटा पडतो, अडकत नाही. त्याला बोटानं उचलायचं नाही, लाकडी काठीनं बाजूला सारायचं. खाचेत पडला, पात्याशेजारी फसला, तर यंत्र बंद करायचं, पातं पूर्ण थांबेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं, मग काढायचं. पातं वीज बंद झाल्यावरही गरगरत राहतं. बहुतेकांची चूक तेव्हाच होते. एखादा लवकर वाकला की काकांचा आवाज येतो, "कामून घाई करायलास? लाकूड कुठं पळून चाललंय का?"

एवढं करूनही एक जागा उरते, आणि ती म्हणजे रीपेचा शेवट. रीप संपत येते, हातात वीतभर तुकडा राहतो, आणि माणसाला वाटतं की अजून सात-आठ ठोकळे निघतील, लाकूड कशाला वाया घालवा. गरिबाला तर लाकूड टाकवत नाही. इथं काकांनी जो हिशेब बसवला तो मला फार आवडतो. तीन फुटांची रीप म्हणजे एक्क्याण्णव सेंटिमीटर. पहिलं टोक गुण्यात आणताना सेंटिमीटरभर जातं, उरले नव्वद. प्रत्येक छेदात पातं तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं, म्हणजे एका ठोकळ्याला तीन पूर्णांक तीन सेंटिमीटर खर्च. अठरा ठोकळे कापले की 59.4 सेंटिमीटर संपले आणि हातात 30.6 उरले. तिथं थांबायचं. तो उरलेला तुकडा बाजूला नेऊन हातकरवतीनं बरोबर तीस सेंटिमीटरवर कापायचा, त्यावर नऊ रेघा कोरायच्या, झाला दशक दांडा. अठरा सुटे आणि एक दांडा, लाकूड वाया नाही, आणि करवतीपाशी एक फुटापेक्षा आखूड तुकडा कधी येतच नाही.

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबासाठी राहू द्या, असं सांगितलं आहे. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडे पाखरांसाठी ठेवतात.

वीज हा आमच्याकडचा वेगळाच विषय आहे. करवत चालू असताना लाईट जाते. मुलं कंटाळून बाहेर लिंबाखाली बसतात, कुणी टेबल झाडायला घेतो. बटण चालूच राहिलेलं असतं. अर्ध्या तासानं लाईट येते आणि पातं आपोआप फिरायला लागतं, आणि त्या वेळी टेबलावर झाडणाऱ्याचा हात असू शकतो. यावर साधा उपाय आहे. वीज गेली की स्वतःच बंद होणारं आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारं बटण मिळतं. आमच्या पहिल्या करवतीला ते नव्हतं, आम्ही ते बसवून घेतलं, मग तिच्यावर काम सुरू केलं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं काम एका मुलाला नेमून दिलं आहे. आपली काळी जमीन वाळून भेगाळली की अर्थिंग नावापुरती राहते. आणि व्होल्टेज पडलं, मोटरचा आवाज जड झाला, की त्या दिवशी यंत्र बंद, पॉलिश पेपरचं काम.

धारेबद्दल उपदेशकानं दहाव्या अध्यायात फार व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. लाकूड फोडणाऱ्याला त्यातच धोका असतो, आणि हत्यार बोथट झालं की जास्त जोर लावावा लागतो. विजेच्या करवतीवर जास्त जोर म्हणजे घसरला तर हात सरळ पात्यावर. बाभळीचं लाकूड पात्याला लवकर बोथट करतं, खोक्यांच्या जुन्या फळ्यांत खिळे निघतात. म्हणून जुन्या लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवतात, आणि पातं धारेला पाठवायला वेगळे पैसे बाजूला ठेवावे लागतात. हा खर्च हिशेबात दर तिमाहीला दिसतो आणि दर तिमाहीला कुणीतरी विचारतं की हा पुन्हा कसा आला. पुढेही येणार आहे.

आणि आता अचूकपणा. एका ठोकळ्यात अर्धा मिलिमीटर फरक डोळ्याला दिसत नाही. दहा ठोकळ्यांत तो पाच मिलिमीटर होतो. मग दहा सुटे दांड्याशी जुळत नाहीत, आणि अंगणवाडीतलं लेकरू खरंखुरं बघून म्हणतं की दहा सुटे म्हणजे एक दशक नाही. त्याला खोटं कोण ठरवणार? लाकूडच खोटं बोललं. नीतिसूत्रांत दोन तऱ्हेची वजनं आणि दोन तऱ्हेची मापं परमेश्वराला नको आहेत असं आहे. आपण ते वाचताना बाजारातला वाणी डोळ्यापुढे आणतो. आदिवासी मुलाला फुकट दिलेल्या खेळण्यालाही ते लागू आहे, कारण फुकटच्या वस्तूचं माप कुणी तपासत नाही.

म्हणून दर वीस ठोकळ्यांमागे दहा उचलून शाळेच्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीशेजारी लावतात. एक मिलिमीटरपर्यंत चालतं, त्यापुढे अडसर पुन्हा बसवायचा. अडसरापाशी भुसा साचला तरी माप बदलतं, म्हणून दर छेदानंतर ब्रश. तोंडानं फुंकायचं नाही, भुसा डोळ्यात आणि छातीत जातो. ओलं लाकूड तर घ्यायचंच नाही. लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. श्रावणात कापलेला चौकोनी ठोकळा वैशाखात चौकोनी राहत नाही. कापलेल्या रिपा आम्ही छपराखाली फटी ठेवून रचतो आणि महिने जाऊ देतो. कुणाला ऑर्डर लवकर हवी असते, त्यांना थांबावं लागतं.

तुम्ही बघाल, सुरक्षित कापणं आणि बरोबर कापणं ही दोन वेगळी कामं राहिलीच नाहीत. जी गाडी बोट वाचवते तीच काटकोन देते. जो अडसर ठोकळा अडकू देत नाही तोच सगळे सारखे करतो. बोटांच्या भीतीनं थरथरणारा हात सरळ छेद घेऊ शकत नाही, हे तर मला वस्तीवरच्या मुलांनीच सांगितलं.

तर माझी मागणी. दुसरी करवत आली तर दोन खोल्या, दोन गाड्या, दोन प्रशिक्षित माणसं लागतील. आज आमच्याकडे करवतीवर एकट्यानं उभं राहू देण्याइतके तयार झालेले तीनच तरुण आहेत, आणि काका एक आहेत. यंत्र आलं की ते चालवायचा मोह होतो, ते झाकून ठेवायला कुणाचं मन होत नाही. म्हणून यंदाचे पैसे काकांच्या पूर्ण वर्षाच्या मानधनाला द्या, म्हणजे ते हंगामात बंगल्यांच्या कामावर जाणार नाहीत. उरलेल्यातून दोन चांगली पाती, झाकणाचं सामान, चष्मे, आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याचा अपघात विमा. मला माहीत आहे, करवतीशेजारी उभं राहून फोटो चांगला येतो आणि विम्याच्या कागदाशेजारी येत नाही. या अंकात फोटोची जागा रिकामी राहिली तरी संपादक चालवून घेतील.

ज्या तरुणाची बोटं गेली, तो आता आमच्याकडे येतो. करवतीवर नाही, तो तिकडे बघतही नाही. ठोकळ्यांच्या कडा पॉलिश पेपरनं गोल करणं, पट्टीशेजारी लावून माप तपासणं आणि जवसाचं तेल पुसणं त्याच्याकडे आहे. तपासणीत तो कडक आहे, काकांचे ठोकळेही परत पाठवतो. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेतात, पसरून उन्हात वाळवायची, हेही तोच नव्या मुलांना सांगतो. बोलायला लागला आहे, एवढंच सध्या म्हणेन. त्याच्यासाठी आणि त्याच्या पत्नीसाठी प्रार्थना करा.

महिला मंडळाला एक छोटं काम आहे. एका संचात नव्वद सुटे आणि पाच दांडे असतात. खाली पाच दांड्यांचा एक थर, त्यावर ठोकळ्यांचे दोन थर, असं रचलं की ते तीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद आणि नऊ उंच अशा जागेत बसतात. त्याला जाड कापडाच्या पिशव्या हव्या आहेत, आत सहज हात जाईल इतक्या सैल, पस्तीस बाय वीस आणि बारा उंच धरा. ओढायची नाडी नको, लहान मुलं गळ्यात घालतात, झाकणाला बटण लावा. जुन्या जीन्सचं कापड चालेल. भरलेली पिशवी अडीच किलोच्या वर जाते, तेव्हा बंद दुहेरी शिवा.